निगडे सरांचं साभार परत

आमच्या भोरच्या कॉलेजात बढती मिळाली तरी कुणी पेढे वाटत नाही. इंग्रजीचे निगडे सर मात्र शोधनिबंध नाकारला गेला की वाटतात.

"घ्या, साभार परत!" म्हणत स्टाफरूममध्ये पुडा फिरवायचा आणि मोबाईलवरून परीक्षकांचे शेरे वाचून दाखवायचे. परदेशी जर्नलात निबंध दोन अनोळखी परीक्षकांकडे जातो. त्यातल्या दुसऱ्याबद्दल सर मेव्हण्याबद्दल बोलावं तसं बोलतात. "आमचे दोन नंबर फार चिडलेत. म्हणतात, दुसऱ्या पानावर मुद्दाच नाही. खरंय हो, नाहीच!"

"मग आनंद कसला, सर?" देशपांडे मॅडमनी एकदा विचारलं.

"दुसऱ्या पानापर्यंत आले ना! तुम्ही आलात कधी?"

मी इतिहास शिकवतो. माझे निबंध पैसे भरले की छापणाऱ्या जर्नलांत आले. ते कुणी वाचले नाहीत. एक तर मीही वाचलेला नाही. त्यांच्या जोरावर मी प्रोफेसर झालो आणि माझ्याआधी लागलेले सर खालीच राहिले. पेढे मात्र मी दरवेळी दोन उचलायचो.

"कदम, तुमची जर्नलं म्हणजे पिठाची गिरणी," सर म्हणायचे. मूळचे ते वेल्ह्याकडचे, विंझरचे. "डबा ठेवा, पीठ न्या. आत गहू होते का खडे, कोण बघतो?"

राग यायचा.

त्यांचं शिकवणंही तऱ्हेवाईक. पुस्तक बंद. सकाळी एसटीत जे कुणी खरोखर बोललं, तेच वर्गात इंग्रजीत सांगायचं. वरवे बुद्रुकच्या सारिकानं आपल्या आईचं भांडण सांगितलं, "मॅडम, युअर बॅग इज सिटिंग, माय डॉटर इज स्टँडिंग." या वाक्यावर सर आठवडाभर तरंगत होते. शिपायालासुद्धा ऐकवलं. मग एसटीतल्या भांडणांतून इंग्रजी शिकवण्यावर त्यांनी निबंध लिहिला, आणि तो चक्क स्वीकारला गेला!

प्राचार्य स्वतः स्टाफरूममध्ये अभिनंदनाला आले. निवृत्तीआधी प्रोफेसर व्हायची सरांची ही शेवटची संधी होती. जर्नलाची अट किरकोळ होती. मुलींची नावं काढून 'विद्यार्थिनी एक', 'विद्यार्थिनी दोन' असं लिहायचं, आणि गावाऐवजी 'एक खेडं'.

तेवढ्यात सारिका दारात आली. "सर, माजं नाव छापून येनार न्हवं? आई म्हनती, कागुद दाव, मंग पटंल."

"येणार," सर म्हणाले.

ती गेल्यावर मी वैतागलो. "अहो, नियम आहे तो. मुलींच्याच भल्यासाठी केलेला."

"नियम बरोबरच आहे. पण त्यांचं बोलणं लिहून घेताना मी शब्द दिलाय."

"एवढ्यासाठी प्रोफेसरपद घालवणार?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "कदम, सारिकाला कागद दाखवायला घरी आई आहे. मी ते पद घरी नेऊन कुणाला दाखवू?"

सर एकटे राहतात हे मला कायम माहीत होतं. त्यांच्या घरी मी एकदाही गेलेलो नाही.

त्यांनी निबंध मागे घेतला. दुसऱ्या दिवशी खुर्ची माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाले, "तुमच्या त्या जर्नलांत नावं काढायला लावतात का हो?"

"वाचतच नाहीत, तर काढायला काय लावणार? पण सर, ती आता बढतीला धरत नाहीत. तुम्हाला काही उपयोग नाही."

"नसू दे. लेखकांत आधी सारिका, मग बाकीच्या मुली. माझं शेवटी." मी टाइप करू लागलो, तसे ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. "आणि गावाचं नाव पुरं लिहा, वरवे बुद्रुक. नुसतं वरवे लिहाल, तर उद्या खुर्दवाले हक्क सांगतील."