पांढऱ्या घुबडाचा गोली

"रशियाच्या क्लबानं मला गोली म्हणून घेतलंय. ह्या कागदाच्या दोन प्रती काढ, आन् सही करायला जरा बरं पेन दे," शिरूरच्या एसटी स्टँडासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात विल्यम साळवे यांनी सोमवारी सकाळी जाहीर केलं.

दुकानदार गोकुळनं पेन दिलं, पण हातातला कागद काही सोडला नाही. त्याच्या दुकानात आलेला कुठलाही कागद आधी तो वाचायचा आणि मगच मशीनमध्ये घालायचा. "मामा, हॉकी क्लब लिहिलंय हो खरंच," तो म्हणाला, आणि दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं पुढचं वाचायला सुरुवात केली.

विल्यम साळवे यांना सगळे साळवेमामा म्हणत. वय बावन्न, उंची पाच फूट तीन इंच, आणि पोट शर्टाच्या चौथ्या बटणाला रोज नव्यानं आव्हान देणारं. कोरेगाव भीमाजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. पण तरुणपणी आठ वर्षं ते मिशन शाळेच्या हॉकी टीमचे गोली होते. विसाव्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीला गेले, तर निवड करणाऱ्या साहेबांनी त्यांना गोलात उभंसुद्धा केलं नाही. खुर्चीत बसून लांबूनच बघितलं आणि कागदावर लिहिलं, 'उंचीमुळे अपात्र'. मामा त्याबद्दल कधी बोलत नसत. फक्त कंपनीतल्या कुठल्याही फॉर्मवर 'उंची' असा रकाना आला की तो मोकळा सोडत.

तर त्या सोमवारी सकाळी मामांनी पीएफचा मेल आलाय का बघायला मोबाईल उघडला, आणि त्यात हे पत्र होतं. 'प्रिय विल्यम साळवे, बेलाया सोवा हॉकी क्लब आपल्याला दोन हंगामांसाठी गोलकीपर म्हणून करारबद्ध करू इच्छितो. आपला खेळ आम्ही बारकाईने पाहिला आहे. खेळाडूंच्या नोंदणीची मुदत उद्या संपत असल्याने सही केलेला करार आणि पासपोर्टची प्रत त्वरित पाठवावी.'

मामांच्या बायकोनं, कृपाबाईंनी, चहा गाळता गाळता विचारलं, "रशियात बसून तुमचा खेळ कुणी बघितला?"

"आपल्या मिशनच्या ग्राउंडवर तवा गोरे साहेब यायचे, क्यामेरा घेऊन. त्यांनी काढलेलं फोटू पोचलं असतील कुठंतरी."

"तीस वर्षांनी?"

"रशिया काय जवळ हाय का?"

कृपाबाईंनी पुण्यात बँकेत असलेल्या मुलीला, स्वीटीला, फोन लावून दिला. स्वीटीनं बापाची उलटतपासणी घेतली. "पप्पा, ओटीपी मागितला का?"

"न्हाई."

"काही फी भरायला सांगितली का?"

"न्हाई. नुसता पासपोर्ट मागितलाय."

मामांकडं पासपोर्ट होता. चर्चची जेरुसलेमची सहल ठरली होती तेव्हा काढलेला. सहल रद्द झाली आणि पासपोर्ट कोराच्या कोरा कपाटात पडून राहिला. आता त्याचं सार्थक होणार, असं मामांनी ठरवूनच टाकलं. "त्या क्लबाच्या नावाचा अर्थ काय हो पप्पा?" असं स्वीटीनं विचारलं आणि स्वतःच शोधून सांगितलं, "पांढरं घुबड."

"घ्या," कृपाबाई म्हणाल्या. "आन् तुम्ही त्याच्यात जाणार."

मामा गेलेच. म्हणजे गोकुळच्या दुकानात गेले, सही केली आणि पासपोर्टच्या प्रतीसकट सगळं मेलनं पाठवून दिलं. कंपनीची बस चुकली, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी क्लबच्या वेबसाईटवर नव्या खेळाडूंची यादी लागली. खांद्यावर खांदे चढलेल्या, नाकं मोडलेल्या गोऱ्या तरण्या पोरांचे अकरा फोटो, आणि बारावा फोटो साळवेमामांचा. पासपोर्टमधला. स्टुडिओवाल्यानं दिलेला कोट आणि चेहऱ्यावर 'हलू नका' म्हणून सांगितल्यावर येते ती भीती. मुदतीच्या शेवटच्या दिवसाच्या धांदलीत तिकडच्या कुणीतरी फोटोकडं न बघताच तो चिकटवून दिला असणार. गोकुळनं मात्र नीट बघितला, आणि बुधवारी सकाळी स्टँडासमोर दहा फुटी फ्लेक्स उभा राहिला. 'शिरूरचा सुपुत्र रशियाच्या गोलात'. खाली शुभेच्छुक म्हणून गोकुळचा मामांपेक्षा मोठा फोटो.

त्याच दिवशी दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये चांगदेव मामांसमोर येऊन बसला. चांगदेव क्वालिटीत होता, मामांचा वीस वर्षांचा दोस्त, आणि क्वालिटीतल्या माणसाला कशातही खोट दिसते.

"मामा, तुमी हॉकी कशावर खेळायचा?"

"मुरमावर."

"आन् हे बघा." त्यानं मोबाईल पुढं केला. पडद्यावर पांढरंशुभ्र मैदान होतं. पायांत पाती बांधलेले राक्षस एकमेकांना भिंतीवर आपटत होते. एका काळ्या चकतीमागं सगळे असे सुटले होते, जशी बसस्टँडवर शेवटच्या गाडीमागं माणसं सुटावीत. "रशियात नुसतं हॉकी म्हणलं की बर्फावरचीच. आपली असली तर ते मुद्दाम सांगत्यात, गवतावरची म्हणून."

आजूबाजूच्या चार टेबलांवरचे घास थांबले. तोंडातला भात मामांनी सावकाश चावला, सावकाश गिळला.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. हे साफ खोटं होतं. "बर्फ म्हंजी काय? पाणीच की. घोडनदीत मी पुरात पोहलोय."

"पाण्यावर चालला न्हाईत ना पन."

कँटीन हसलं. आणि त्या हसण्यानं मामांचं जे काही व्हायचं होतं ते झालं. एखादा शहाणा माणूस तिथंच 'चूक झाली' म्हणून मोकळा झाला असता. मामा म्हणाले, "उद्या सुट्टी हाय. दौंडला ये माझ्याबरोबर. बघू बर्फ काय करतोय ते."

दौंडला मल्हार नावाच्या त्यांच्या ओळखीच्या माणसाचा बर्फाचा कारखाना होता. धरणातली मासळी टेम्पोनं पुण्याला जायची, तिला लागणारा बर्फ तिथं बनायचा. हा मल्हार एकेकाळी दौंडच्या टीममधून मामांच्या गोलावर चाल करून यायचा. मामांची अडचण त्यानं शांतपणे ऐकून घेतली, मग कामगारांना सांगून शेडमध्ये बर्फाच्या वीस लाद्या ओळीनं पसरायला लावल्या. पायांत बांधायला पाती नव्हती, म्हणून मामा कॅनव्हासच्या बुटांवरच उभे राहिले. छातीला गोणपाट बांधलं. चकती म्हणून चांभाराकडून बुटाची एक रबरी टाच आणली होती.

"मामा, अजून येळ हाय," चांगदेव म्हणाला. आता तोही हसत नव्हता.

"मार रे," मामांनी मल्हारला हुकूम सोडला.

मल्हारनं स्टिक उचलली आणि तीस वर्षांचा सगळा हिशेब चुकता करावा तशी मारली. टाच सणसणत आली. मामा उजवीकडं झेपावले. म्हणजे मामांचा वरचा भाग झेपावला, पायांनी वेगळाच निर्णय घेतला होता. टाच पोटात बसली, मामांनी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि ते तसेच आडवे, लाद्यांवरून घसरत, शेडच्या दारातून, माल चढवायच्या उतरणीवरून खाली गेले. तिथं मासळीचे क्रेट रचलेले होते. पाच क्रेट मामांच्या अंगावर आले.

सगळे धावले. मासळीच्या ढिगाखालून मामांचा आवाज आला, "अडला का न्हाई?"

"अडला," मल्हार म्हणाला. त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

मामांना ओढून बाहेर काढत असतानाच त्यांचा फोन वाजला. पलीकडून एक बाई बोलत होती, अशा हिंदीत की जी फक्त रेल्वेच्या पाट्यांवर असते. "नमस्कार महोदय. मैं गालीना, क्लब की दुभाषिया. महोदय, आपके संबंध में हमसे घोर त्रुटि हुई है."

"क्या हुई है?"

"चूक म्हनती ती," मल्हारनं कानात सांगितलं.

मग सगळा उलगडा झाला. विल्यम साळवे म्हणून क्लबला हवा होता तो कॅनडातला एक गोली. तो तिकडं आपलं आडनाव 'सॅल्व्ह' असं म्हणायचा, पण इंग्रजी अक्षरं तीच. दोघांच्या ईमेलमध्ये फरक एका टिंबाचा. तो गोली विमानानं येऊन पोचला होता, पण त्याला खेळवता येत नव्हतं, कारण परदेशी गोलीची एकच जागा होती आणि लीगच्या दप्तरात त्या जागेवर शिरूरचे साळवेमामा बसले होते. सही केलेला करार होता, पासपोर्ट होता. मामांनी स्वतः सोडचिठ्ठीवर सही केल्याशिवाय ती जागा मोकळी होत नव्हती. पहिला सामना रविवारी होता. "कृपया हस्ताक्षर कर दीजिए," असं गालीना तीनदा म्हणाली.

मामा करणारही होते. कंबर अशी भरून आली होती की आयुष्यात पुन्हा बर्फाचं नाव काढायचं नाही असं त्यांनी मनात ठरवलं होतं. शुक्रवारी ते गोकुळच्या दुकानात गेले, सोडचिठ्ठी छापून घेतली आणि पेन उघडलं. गोकुळनं सवयीप्रमाणे वाचायला घेतलं. "करार रद्द करण्याचं कारण. खेळाडू अपात्र."

मामांनी पेनाला टोपण लावलं.

"सही न्हाई," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून घरी निघून गेले.

दिवसभर सगळ्यांनी समजावून बघितलं. चांगदेव म्हणाला, एका शब्दासाठी काय ताणायचं. स्वीटी म्हणाली, पप्पा, ते कोर्टात जातील. मामा पोटावर पडून कंबर शेकत होते आणि भिंतीकडं बघत होते. शेवटी कृपाबाईंनी तो कागद हातात घेतला. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं, पण तो एक शब्द त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचला. या माणसाशी संसार करून त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती.

"करू नका सही," त्या म्हणाल्या, आणि शेकायची पिशवी पुन्हा गरम करायला घेऊन गेल्या.

शनिवारी सकाळी क्लबच्या मुख्य साहेबांचाच व्हिडिओ कॉल आला. साहेब पडद्यात मावत नव्हते. बाजूला गालीनाचा अर्धा चेहरा दिसत होता. इकडं खाटेवर मामा, त्यांच्या मागं कृपाबाई, चांगदेव आणि न बोलावता आलेला गोकुळ.

साहेब दोन मिनिटं न थांबता बोलले. गळ्यातल्या शिरा दिसत होत्या. गालीना म्हणाली, "निदेशक महोदय अप्रसन्न हैं."

"इतनाच बोला?"

"शेष शब्दों का अनुवाद उचित नहीं होगा."

मामा खाटेवर सरळ बसले. ते त्यांना फार महागात पडत होतं, पण बसले. "उनको पूछो, मेरे को गोल में खडा करके देखा क्या? एक बॉल तो मारके देखा क्या? फिर अपात्र कैसे लिखा? चूक तुम्हारी, और अपात्र मैं?"

"और उनसे कहो," कृपाबाई मागून म्हणाल्या, "परसों दौंड में एक मारा था. वो रोका."

गालीनानं हे सगळं सांगितलं. साहेबांनी एक छोटासा प्रश्न विचारला. "महोदय पूछते हैं, कितने वर्ष आप गोल में रहे?"

"आठ."

साहेबांनी मामांकडं, म्हणजे त्यांच्या उघड्या, मासळीच्या क्रेटचे वळ उठलेल्या खांद्यांकडं, थोडा वेळ बघितलं. मग कुणाला तरी हाक मारून काहीतरी सांगितलं. अर्ध्या तासानं नवीन कागद आला. गोकुळनं मामांच्या घरीच तो मोठ्यांदा वाचला. 'क्लब आणि गोलकीपर विल्यम साळवे यांनी परस्पर संमतीने करार संपवला आहे. त्यांच्या खेळाबद्दल क्लबची कोणतीही तक्रार नाही.'

मामांनी तो स्वतःही एकदा वाचला, आणि सावकाश, सगळी अक्षरं काढून सही केली.

सोमवारी चांगदेव कँटीनमध्ये त्यांच्यासमोर येऊन बसला. कालच्या सामन्याचा निकाल त्यानं आणला होता. पांढरं घुबड सात-शून्यनं हरलं होतं. पाचवा गोल झाल्यावर कॅनडाच्या विल्यमला बाहेर बोलावून बाकावर बसवलं होतं.

मामांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला.

"तुमी असता तर काय झालं असतं मामा?" चांगदेवनं विचारलं.

मामांनी खरंच विचार केला.

"चाळीस," ते म्हणाले. "पन मी भाईर आलो नसतो."