लाल दवेचा नळ

"नळ येऊन राहिला गा! आता पिंपळटोल्यात कोणाचं पोट बिघडलं, तर माझं नाव केवळराम नाही!"

केवळरामजींनी चौकात असं ठणकावून सांगितलं आणि घरात पदराआड उभ्या सूनबाईंना, म्हणजे प्रेमिलेला, लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांचं बोलणं मनापासून पटलं! तिचा भोजू अजून रांगतही नव्हता. गेल्या पावसाळ्यात त्याला हगवण लागली होती. धान पाखडल्यावर सुपात उरलेल्या फोलासारखा तो हलका झाला होता. मांडीवर आहे की नाही, हे पाहायला तिला पदर उचलावा लागे. "आता नळाचं पाणी पिजो, बापा," ती त्याच्या तळव्याला ओठ लावून म्हणाली. भोजूनं तिचं नाक धरलं. ठरलं!

नळाचे लोखंडी पाइप दोन पावसाळे टोल्याबाहेर, वस्तीच्या कडेला, उघड्यावर पडून होते. त्यांत शेळ्यांची करडं लपाछपी खेळत. मग कसब्याच्या कमिटीची माणसं एकदम जागी झाली, त्यांनी घाईघाईनं ते पाइप जोडले आणि नवी नाली खणायचा कंटाळा म्हणून सांडपाण्याच्या जुन्या नालीतूनच आणले. हार घातला, नारळ फोडला, तोटी फिरवली.

पाणी आलं. लालभडक!

सगळा टोला वाकून पाहू लागला. नारळाचा तुकडा तोंडात तसाच राहिला. तेवढ्यात केवळरामजींचा चेहरा उजळला.

"अरे, लाल दवा!"

हैजाच्या, म्हणजे पटकीच्या साली कंपौंडर विहिरीत जंतू मारायची लाल दवा टाकायला आला होता, तेव्हा बादली धरायला केवळरामजी होते. त्या एका बादलीवर टोल्यात त्यांना अर्धा डाक्टर मानत.

"तेव्हा वरून टाकत होते. आता आपलं सरकार आहे, आतूनच मिसळून पाठवून राहिलं!"

मग काय विचारता! लोक तुटून पडले. मनकर्णाबाईनं खरजेला लावलं. सुखरामनं बाटली भरून सासुरवाडीला पाठवली. कोणी बैलाच्या खुरावर ओतलं. देवाच्या तीर्थालाही कधी इतकी रेटारेटी झाली नव्हती!

प्रेमिलेनं भोजूचं पांढरं झबलं त्या पाण्यात बुडवलं. बाहेर काढलं तर वीट! घागरीच्या तळाशी बोटभर गाळ.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "लाल दवेचं पाणी जांभळंगुलाबी राहते. हे लोखंडाच्या जंगाचं आहे. अन् दवा तळाले बसते का?"

"जड दवा आहे! भारी दवा आहे!"

"पाइप नालीतून आला, मामाजी. जोडावर बुडबुडे निघतात, मी पाहिलं."

"मग दवा कायले टाकली त्यायनं? नालीसाठीच टाकली न!"



भोजूला आजोबांनी स्वतःच्या हातानं चमचाभर पाजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजलं. मग भोजूचं पोट सुरू झालं.

"दवा लागून राहिली!" केवळरामजी खुशीत म्हणाले. "जुना मळ काढून राहिली!"

मळ कसला! पोरगं निघून चाललं होतं. डोळे खोल गेले, रडण्यातला आवाज गेला. नुसतंच तोंड उघडायचं. प्रेमिलेनं नवऱ्याकडे पाहिलं. ताराचंद राइस मिलमध्ये कोंड्याची पोती मोजणारा शांत माणूस. तो म्हणाला, "तुझंही बरोबर आहे, बाबाचंही बरोबर आहे," आणि भोजूच्या कपाळावर हात ठेवून मिलमध्ये निघून गेला.

तेव्हापासून प्रेमिला भल्या पहाटे शेतातल्या विहिरीवर जायची. पाणी आणायचं, चुलीवर खळखळ उकळायचं, निववून चमचा चमचा भोजूच्या ओठांत सोडायचं. कोणी विचारलं तर म्हणायची, "बाळाच्या अंघोळीचं आहे!" सासरे चमचा घेऊन आले की म्हणायची, "आत्ताच पाजली दवा, मामाजी!" स्वतःच्या लेकराला पाणी पाजायचं, तेही चोरून!

आणि कमिटीत जाऊन तिनं तक्रारही केली. कमिटीचे साहेब आले. पान चघळत, धोतराचा सोगा सावरत.

"किसकी शिकायत है?"

टोला हादरला. साहेब दवा बंद करायला आला! प्रेमिला पदर ओढून पुढे झाली, "माझी—"

"सून आहे माझी, साहेब. भोळी आहे!" म्हणत केवळरामजींनी गडवाभर पाणी सगळ्यांदेखत घटाघटा रिचवलं. ढेकर दिली. "अमृत है! ऐसाच लाल भेजते रहना!"

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. नोकरीत पहिल्यांदाच कोणी त्यांना हात जोडून गढूळ पाणी मागत होतं!

"एक घोट घ्या न, साहेब," प्रेमिलेनं गडवा पुढे केला.

"नहीं नहीं, आज मेरा निर्जला उपवास है," साहेब म्हणाले आणि पानाची पिंक टाकून, "जनता संतुष्ट है" असं म्हणत चालते झाले.

इकडे भोजू सावरला. उकळलेल्या पाण्यावर बाळसं धरू लागला. गाल आले, मनगटाला वळी पडली. एका सकाळी तो चक्क रांगत ओसरीपर्यंत गेला! प्रेमिलेला हसूही आलं, रडूही आलं.

पण ओसरीवर आजोबा बसले होते. त्यांनी भोजूला उचललं, ते थेट नळावर नेलं आणि झेंड्यासारखं उंच धरलं.

"पाहा! लाल दवेचं लेकरू पाहा!"

बाया धावल्या. कडेवरची पोरं घेऊन नळाशी रांग लागली. सगळ्यांत पुढे शेजारची नंदाबाई. तिची लेक तर अजून मान सावरायला शिकत होती. प्रेमिला धावत गेली.

"नको पाजू वं, नंदाबाई! माझा भोजू हे पाणी पीतच नाही. विहिरीचं उकळून पाजते मी!"

नंदाबाईनं डोळा मिचकावला. "समजलं वं, समजलं! आपल्या लेकराचं चांगलं आपल्या तोंडानं कोणी सांगते का? नजर लागते. मी नाही सांगत कोणाले!"

आणि तिनं भरलेला गडवा लेकीच्या ओठांशी नेला. प्रेमिलेनं हात मारून तो उडवला. लाल पाणी सगळ्यांच्या पायांवर सांडलं.

नंदाबाईचा चेहराच पालटला.

"अच्छा! आपलं पोट्टं गुटगुटीत झालं, आता दुसऱ्याचं पाहवत नाही काऊन वं तुले?"

तिनं गडवा पुन्हा नळाखाली धरला. या खेपेला चांगला काठोकाठ!