नोन्नाची न्योकी

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. दुकानातून आणलेली न्योकी, म्हणजे ते बटाट्याचे इटालियन गोळे, उकळत्या पाण्यात टाकल्यावर तिचा लगदा का झाला, हा वाद. आजीला यातलं काय कळणार, असं समजून तुम्ही मला फोनवर तसंच ताटकळत ठेवलंत. मला कळत होतं. तो पदार्थ मी इथे श्रीरामपुरात शिकले, बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा आधी. ज्यांनी शिकवला ते आता नाहीत, आणि मला अलीकडे माणसांची नावं पटकन आठवत नाहीत. म्हणून आजच लिहून ठेवते.

आमच्या शेजारचे सखारामतात्या ठार टकले होते. तरी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लाकडी फणी असायची. स्वच्छ, घासलेली, रुमालात गुंडाळलेली. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आशा सुटत न्हाई मानसाची."

फणी केसांसाठी नव्हतीच. बटाट्याच्या पिठाचा बोराएवढा तुकडा ते तिच्या दातांवर ठेवत आणि अंगठ्यानं हलकेच पुढे ढकलत. एका बाजूला रेघा उठत, दुसऱ्या बाजूला खळगा पडत असे. "रेघंत रस धरतो, बाई," ते मला सांगत. "गुळगुळीत ठिवलं तर रस ताटात आन् न्योकी तोंडात. दोघांची भेट न्हाई." हे बोलताना त्यांचा चेहरा असा पडायचा, की जणू अशी एखादी चुकलेली भेट त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती.

तात्या मूळचे तिसगावकडचे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढताना आफ्रिकेत पकडले गेले आणि कैदी म्हणून इटलीत नेले गेले. परत आले ते फौजेची पेन्शन, ही न्योकी आणि "पियानो, पियानो" हे दोन शब्द घेऊन. मी पडले इंग्रजीची शिक्षिका. सायकलवाला जोरात आला, पोरं जिन्यावरून धावली, दूध उतू जायला लागलं, की तात्या ओरडत, "पियानो, पियानो!" कापसाच्या गोदामावर पहारेकरी असलेल्या माणसाला पियानोचा एवढा ध्यास असावा, याचं मला फार कौतुक वाटे. त्यांच्या खाटेखालच्या लष्करी पेटीत छोटा पियानो असावा, असा गल्लीत बोभाटाही होता. शेवटी मी विचारलं, "तात्या, कधी वाजवून दाखवाल?"

"काय?"

"पियानो."

त्यांनी दुःखानं माझ्याकडे पाहिलं. "बाई, पियानो म्हंजी सावकास. तितं असंच म्हनत्यात. पेटीत माझी जुनी कांबळ हाय."

न्योकी दर गुरुवारी व्हायची. तिकडच्या डोंगरातल्या गावात ती गुरुवारीच करत, म्हणून तात्यांकडेही गुरुवारीच. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांचा गुरुवारचा उपवास. बटाटा चालतो, गहू चालत नाही, यावर दर आठवड्याला चर्चा होई. तात्यांचा निकाल ठरलेला: "बटाटा बहुमतात हाय. चालतंय."

आता कृती नीट वाचा. बटाटे जुने घ्यायचे, सुरकुतलेले. नव्यात पाणी फार. सालासकट उकडायचे, गरम असतानाच सोलायचे आणि पुरणयंत्रातून काढायचे. पसरून वाफ जाऊ द्यायची. मग मीठ आणि मैदा घालायचा, हाताला चिकटणार नाही इतपतच. तुमचा लगदा झाला तो बहुधा पाणी नीट उकळण्याआधी टाकल्यामुळे, नाहीतर भांड्यात गर्दी केल्यामुळे. घरी करताना मात्र जास्त मळू नका. तात्या म्हणत, "कनकीसारखं तिंबायचं न्हाई. समजूत घालायची." लांब वळी करून तुकडे कापायचे, फणीवरून फिरवायचे (काट्याची पाठही चालते), आणि खळखळत्या मिठाच्या पाण्यात थोडे थोडे सोडायचे. वर तरंगून आले की लगेच झाऱ्यानं काढायचे. वर टोमॅटो-लसणाचा रस, किंवा नुसतं तूप, त्यात परतलेला कढीलिंब. उरले तर दुसऱ्या दिवशी तव्यावर खरपूस भाजायचे. आमटी-वरणात घालायला मात्र तात्यांची सक्त मनाई होती. एकदा मी घातले, तर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सगळी गल्ली न्योकी खायची. खात नव्हत्या त्या एकट्या गयाबाई, तात्यांच्या बायको. गुरुवारी त्या स्वतःपुरती भाकरी थापत आणि दाराकडे तोंड करून जेवत.

कारण होतं नोन्ना. तात्या बोलताना सारखं म्हणत, "नोन्ना असं करायची, नोन्ना तसं करायची." लग्न झाल्यापासून गयाबाईंनी हे नाव ऐकलेलं. नवरा परमुलखात, तरणाताठा. कुणी नोन्ना नावाची गोरी बाई त्याला हातानं रांधून घालते. आणि हा परत आल्यावरही तिचाच पदार्थ करतो. यापुढं त्यांना काही विचारायची गरज वाटली नव्हती.

"जा की तुमच्या नोन्नाकडं," त्या चिडल्या की म्हणत. "पेटीतली कांबळ बी घिऊन जा."

तात्या खाली मान घालून फणी धूत बसत. आम्ही सगळे हसायचो. मीही.

मग तो दुष्काळ आला. रेशनवर बहुतेक लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी धडधाकट माणसालाही पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावी लागे. त्याच उन्हाळ्यात गयाबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. सगळ्यात वाईट म्हणजे घास गिळवेना. पेज दिली की ठसका लागे, भाताचा दाणा घशात अडके, कुस्करलेला बटाटा टाळूला चिकटे. डॉक्टर म्हणाले, मऊ पण आकार असलेलं काहीतरी पोटात जायला हवं, नाहीतर आटोपेल.

तात्यांनी गुरुवारची वाट पाहिली नाही. दुष्काळानं वाळलेले बटाटे मिळवले, रेशनचे गहू दळून पीठ कपड्यातून गाळलं आणि न्योकी केली. मी गयाबाईंना उशीला टेकवून बसवलं. तात्यांनी चमचा पुढे केला.

गयाबाईंनी ओठ मिटले.

"गया, खा."

"त्या... नोन्नाचं... न्हाई खानार."

"मरशील."

"मरंन."

मला वाटलं, तात्या आता ओरडतील. त्यांनी ताटली खाली ठेवली आणि मांडीवर हात ठेवून बसले.

"गया, नोन्ना म्हंजी आजी," ते म्हणाले. "तिकडच्या बोलीत आजीला नोन्ना म्हनत्यात. तिचं नाव न्हाई ते. नाव मला ठावंच न्हाई. म्हातारी हुती. तोंडात दात न्हवते, म्हनून न्योकी करायची."

गयाबाईंनी मान त्यांच्याकडे वळवली. सगळा जीव त्यांच्या डोळ्यांत आला होता.

"येवढी... वर्सं... बोलला न्हाई?"

"म्हातारी म्हनलो असतो, तर तू म्हनली असतीस, मग फुडं काय झालं तिचं." तात्यांनी खिशातली फणी चाचपली. "कैदेतनं पळालो, तवा तिनं मेंढ्यांच्या गोठ्यात लपवलं. सबंध हिवाळा खाऊ घातलं. एक दिवस मी डोंगरावर लाकडाला गेल्तो. वरनं धूर दिसला. जर्मन यिऊन गेल्ते. खाली आलो तर म्हातारी दारातच पडली हुती. माझ्यापाई. तुझं टोमनं बरं हुतं, गया. त्यात ती जित्ती तरी असायची."

 बाहेर पाण्याच्या टँकरपाशी बायकांचं भांडण चाललं होतं.

मग गयाबाईंनी डावा हात उचलला आणि चुलीकडे बोट केलं. तिथे सकाळचं घट्ट वरण होतं.

"त्यात घाला. कोरडं... न्हाई जात."

आठवडाभर माझ्याशी न बोललेला तो माणूस मुकाट्यानं उठला आणि आपली न्योकी वरणात सोडली. पहिला घास त्यांनी फुंकर घालून दिला. तो गेला. दुसराही गेला. तात्या पुटपुटत होते, "पियानो, पियानो."

"मीठ... कमी हाय," गयाबाई म्हणाल्या.

पोटात अन्न गेलं म्हणून त्या पुढची दिवाळी बघू शकल्या, त्यापलीकडे फार नाही. त्या गेल्यावर तात्यांनी टोमॅटोचा रस कधी केला नाही. वरणातलीच करत आणि गल्लीत ज्याला दुखणं असेल त्याच्याकडे झाकून नेऊन देत. कुणी "काय आणलंय?" म्हणालं, तर सांगत, "गयाची फळं हायती." काही वर्षांनी तेही गेले. इटलीतल्या त्या म्हातारीचं नाव कुणालाच कधी कळलं नाही.

गल्लीतली घरं आता पाडून बांधली आहेत. जुन्यांपैकी मी सोडून कुणी नाही. मागच्या थंडीत मला ताप आला, तेव्हा कोपऱ्यावरच्या नव्या सुनेनं डबा पाठवला होता. वरणात बटाट्याची फळं, एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला खळगा. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, "सासूबाईंनी दाखवलं. आजाऱ्याला देतात. गयाफळं म्हणतात याला." गया कोण, हे तिला माहीत नव्हतं. पदार्थ आहे, आणि नाव आहे.