परिशिष्ट फ

माझ्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. अशी व्यक्ती गुंतवणूक करू शकते, ही शक्यता नियामक मंडळाने नियम करताना विचारात घेतलेली नव्हती.

मी एक म्युच्युअल फंड सांभाळतो. सासूबाईंनी निवृत्तीची सगळी रक्कम त्यात घातली. फंड वाढला तर त्या स्वतःचं घर घेणार होत्या. बुडाला तर कायमच्या आमच्याकडे राहणार होत्या. आपल्या फंडासाठी एवढे देव पाण्यात घालून बसलेला व्यवस्थापक दुसरा नसेल.

अर्जाच्या शेवटी 'मी माहितीपत्रक वाचले व समजले आहे' असं छापून पुढे एक चौकोन असतो. नव्वद हजार गुंतवणूकदारांनी त्यात बरोबरची खूण केली होती. सासूबाईंनी लिहिलं, 'वाचत आहे. सध्या पान ६२.' कारकुनाने तेही न वाचता शिक्का मारला.

महिन्याभराने त्यांनी जेवताना चष्मा कपाळावर सरकवला.

"जावईबापू, पान एकशे चाळीसवर म्हटलंय, जमलेल्या पैशाचं काय करायचं ते परिशिष्ट फ मध्ये पाहा. परिशिष्टं तर इ ला संपतात."

"असेल हो कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे कितव्या पानावर?"

आमच्या ऑफिसात शेअर घेणारे-विकणारे चौघे आहेत आणि ते नियमात बसतं का हे बघणारे एकेचाळीस. त्यांच्या प्रमुख तपासनीस बाईंनी सगळी कपाटं पालथी घातली. परिशिष्ट फ कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

"मग सहा वर्षं तुम्ही शेअर घेताय कशाच्या आधारावर?" बाईंनी विचारलं.

"अंदाजाने."

"हे लेखी देऊ नका."

बाईंनी नियमाप्रमाणे मंडळाला कळवलं. मंडळाचा आदेश आला: परिशिष्ट मंजूर होईपर्यंत खरेदी-विक्री बंद. आम्ही चौघे शब्दकोडी सोडवू लागलो. प्रत्येक कोड्याची नोंद रजिस्टरात होई आणि आडव्या शब्दांवर बाईंची वेगळी सही लागे. तेवढ्यात बाजार धाडकन कोसळला. बाकीच्या फंडांनी घाबरून पडेल भावात विकलं, मग बाजार वर आल्यावर तेच शेअर महागात घेतले. आम्हाला घाबरायचीही परवानगी नव्हती. वर्षअखेर आमचा फंड पहिला आला.

मी पेढे सांगणार तोच नोटीस आली, 'असाधारण कामगिरीचा खुलासा करावा.'

मी खरं ते कळवलं, 'आम्ही काहीही केलेलं नाही.'

उलट टपाली उत्तर आलं, 'काहीही न करण्यासाठी पूर्वपरवानगी घेतल्याचे दिसून येत नाही.'

दरम्यान आमचा पहिला नंबर पाहून बाकीच्या फंडांचीही परिशिष्टं फ एकामागून एक गहाळ होऊ लागली. तेव्हा मात्र मंडळाने चौकशी अधिकारी धाडला. त्याने तीन महिने चहा पिऊन निष्कर्ष काढला. पत्रक अपुरं छापणं ही कंपनीची किरकोळ चूक होती, सबब तिला समज देण्यात आली. पण जे परिशिष्ट अस्तित्वातच नाही, ते वाचलं आणि वर समजलंही, असं नव्वद हजार लोकांनी सहीनिशी लिहून दिलं होतं. हे खोटं निवेदन! प्रत्येकाला झालेल्या नफ्याएवढा दंड, शिवाय चौकशीचा खर्च. चहासकट.

त्यातून सुटलेली गुंतवणूकदार एकच. 'सध्या पान ६२' हे त्या दिवशी शंभर टक्के खरं होतं.

नियमानुसार व्यवस्थापकाला स्वतःचे पैसेही आपल्याच फंडात ठेवावे लागतात आणि ते तीन वर्षं काढता येत नाहीत. मी तर घराचे हप्ते थकवून तेही पैसे त्यात ठेवले होते. चौकोनात माझीही खूण होती, चांगली ठसठशीत. दंड आणि थकलेले हप्ते भरण्यासाठी मला राहतं घर विकावं लागलं.

सासूबाईंनी मात्र ठरल्याप्रमाणे दोन खोल्यांचं घर घेतलं. मी आणि बायको आता त्यांच्याकडेच राहतो. पहिल्याच दिवशी त्यांनी घराच्या नियमांची अकरा पानं माझ्या हातात ठेवली.

"नीट वाचा आणि मग सही करा."

"वाचलं," म्हणत मी शेवटचं पान काढलं आणि सही ठोकली. रोजची भांडी माझ्याकडे आहेत, हे मला त्याच संध्याकाळी कळलं.

हसताय? तुमच्याही कपाटात तुमच्या फंडाचं पत्रक असेल. काढा बघू त्यातलं परिशिष्ट फ. मी भांडी घासत थांबतो.