पन्नास सेकंदांच्या आत

पुराव्याच्या बाबतीत माझ्या वाटेला कुणी जाऊ नये! एकवीस वर्षं मी छत्र्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दहा हजार वेळा उघडून मिटली तरी छत्री टिकते की नाही, हे मी आकड्यांनिशी सिद्ध करतो. त्यामुळे बायकोने, मिनाएने, माझ्या गाडीवर बोट ठेवलं, तेव्हा मी तिला पुरावाच देऊ केला.

मिनाएचं म्हणणं साधं होतं. लाल गाडी एकोणीस वर्षांची झाली, तिच्यात दोनच माणसं मावतात, तांदळाची पिशवी मांडीवर घ्यावी लागते. पुढच्या महिन्यात सरकारी तपासणी, म्हणजे पुन्हा खर्च. त्यापेक्षा विकून टाकावी. सरकत्या दारांच्या पांढऱ्या डबा गाडीचं माहितीपत्रक तिने फ्रिजवर चिकटवूनही टाकलं होतं.

"ही शर्यतीची गाडी आहे," मी म्हणालो.

"असं कोण म्हणतं?"

इथेच घोडं पेंड खात होतं. माझ्याशिवाय कुणीच म्हणत नव्हतं! शेवटी करार झाला. इथे जपानात, गुन्मा भागातल्या डोंगरात, हौशी लोकांसाठी एक छोटा ट्रॅक आहे. तिथे एक फेरी पन्नास सेकंदांच्या आत मारली, तर गाडी राहील. नाहीतर डबा. मी लगेच मोबाईलमध्ये एक ॲप घेतलं. वेग, ब्रेक, वळण, फेरीची वेळ सगळं ते टिपणार, वर आवाजासकट चित्रीकरण. मिनाएने तरीही साक्षीदार म्हणून आपल्या वडिलांना बरोबर दिलं.

सासरे तोकिझो, वय चौऱ्याहत्तर. अडतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिक्षक होते. अर्धं शहर त्यांची बोलणी खाऊन गाडी शिकलंय, त्यात मिनाएही आली. आता गुडघे गेलेत. बरणीत लोणच्याची मोठी फोड कोंबावी तसं त्यांना माझ्या गाडीत कोंबावं लागलं. वाटभर ते "आरसा बघा, जावईबापू" एवढंच म्हणत होते.

सकाळी आयोजकाने सगळ्यांना उभं करून नियम वाचले. लाल झेंडा म्हणजे सगळे थांबा. गाडी बिघडली तर चारही दिवे लुकलुकवा. मी सगळं टिपून घेतलं. मोबाईल काचेला चिकटवला आणि निघालो.

पहिल्या खेपेची सर्वांत वेगवान फेरी पन्नास पूर्णांक आठ. मी आलेख उघडला, तर दर फेरीला सरळ रस्त्यावर एकाच जागी वेग खाली आलेला! मला आधी टायरचा संशय आला, मग पेट्रोलच्या पंपाचा. मी बॉनेट उघडणार, तेवढ्यात सासऱ्यांनी चष्मा लावून चित्रीकरण पाहिलं. काचेत माझं प्रतिबिंब पडलं होतं आणि नेमकं त्या जागी माझं डोकं खाली जात होतं.

"तिथे कोण उभं आहे?" त्यांनी विचारलं.

तिथे पिवळा रेनकोट घातलेले झेंडेवाले आजोबा उभे होते. मी प्रत्येक फेरीला त्यांना वाकून नमस्कार करत होतो! आता एवढ्या थंडीत माणूस आपल्यासाठी उभा राहतो, त्याच्यासमोरून तसंच कसं जायचं? पण कारखान्यात एकवीस वर्षं घालवलेला माणूस नुसत्या मानेने वाकत नाही, कमरेतून वाकतो. कंबर हलली की पाय हलतो आणि पाय हलला की वेग जातो. सासऱ्यांनी माझ्या गळ्याभोवती टॉवेल करकचून गुंडाळला आणि मान आखडलीय असं समजा म्हणाले.

दुसरी खेप. पन्नास पूर्णांक तीन. मग पन्नास पूर्णांक एक! आजोबा दिसत होते, जीव तुटत होता, पण मी वाकलो नाही. पुढच्या फेरीत सगळं जुळून आलं. शेवटच्या वळणाच्या अलीकडे एक निळी गाडी होती. तिने बिचारीने बाजूला होऊन मला वाट दिली.

आता आमच्याकडे रस्त्यावर कुणी वाट दिली की चारही दिवे दोनदा लुकलुकवून आभार मानायचे असतात. हे डोकं करत नाही, हात करतो. माझ्या हाताने केलं. झेंडेवाल्या आजोबांनी पाहिलं आणि तत्परतेने लाल झेंडा काढला.

चौदा गाड्या बैलगाडीच्या चालीने परत आल्या. माझ्यामागे रुग्णवाहिका. आयोजक धावत आला, काय बिघडलं विचारू लागला.

"काही नाही," मी म्हणालो. "आभार मानत होतो."

कुणी ओरडलं नाही. आमच्याकडे ओरडत नाहीत. सगळ्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, ते ओरडण्यापेक्षा वाईट! मी प्रत्येक गाडीपाशी जाऊन वाकून माफी मागितली. निळ्या गाडीवाल्याने तर मला वाट दिल्याबद्दल माझीच माफी मागितली. मग आयोजकाने दातांमधून हवा आत ओढली आणि शेवटच्या खेपेला मी आराम केला तर मलाच बरं वाटेल, असं सुचवलं. म्हणजे हकालपट्टी.

मी कॉफीचा गरम डबा हातात धरून टायरवर बसलो. खरं सांगतो, रडू येत होतं. याच गाडीतून मी मिनाएला लग्नाची मागणी घालायला नेलं होतं. इतकी वर्षं जपलेली गाडी मी माझ्या सौजन्याने घालवली होती.

"मला आत घाला," सासरे म्हणाले.

"घरी निघायचं?"

"त्या बाजूला नाही. स्टिअरिंगच्या बाजूला."

मी हात जोडले, पण ते आयोजकापुढे जाऊन उभे राहिले. आयोजक एकदम ताठ झाला. तीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी त्याला चार वेळा नापास केलं होतं! अर्ज भरला गेला, शिक्का बसला, हेल्मेटही आलं.

सासरे पाठ सरळ ठेवून गेले. आजोबांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. निळ्या गाडीने वाट दिली, ती त्यांनी हक्काने घेतली. अडतीस वर्षं लोकच त्यांच्यापुढे वाकत आलेले! चौथी फेरी, एकोणपन्नास पूर्णांक सहा.

मोबाईलमध्ये आकडा होता, कुणाचा ते लिहिलेलं नव्हतं. घरी पोचल्यावर मी तो मिनाएपुढे धरला. खोटं एक अक्षर बोललो नाही. खरंही बोललो नाही. तिचे डोळे विस्फारले, मला बरंही वाटलं. मग तिने आकड्याखालचं चित्रीकरण सुरू केलं.

मोबाईलमधून आवाज आला, "डावा आरसा, ठीक. मागे, ठीक. अरे निळ्या, स्टिअरिंग आहे ते, कोंबडी नाही. गळा कसला दाबतोस?"

मिनाएने हा आवाज आयुष्यभर ऐकलाय. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. ते मुळ्याचं लोणचं खात होते.

"बाबा, गुडघे कसे आहेत?"

"त्या गाडीत दुखत नाहीत."

मिनाए उठली आणि तिने फ्रिजवरचं माहितीपत्रक काढलं.

गाडी वाचली. तपासणीही झाली. कागदोपत्री ती अजून माझीच आहे. फक्त चावी सासऱ्यांच्या खिशात असते, आणि ती देण्याआधी ते मला गल्लीत चालवायला लावून माझी परीक्षा घेतात. परवा मी दुसऱ्यांदा नापास झालो.