सोळा भाज्या आणि उघडं फाटक

"यंदा महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या सोळाच्या सोळा भाज्या माझ्या अंगणातल्या! मंडईतली एक काडी घरात येणार नाही!"

कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून दमयंतीनं हे जाहीर केलं, तेव्हा आषाढ चालू होता आणि अंगणात कोपऱ्यातल्या जुन्या केळी सोडल्या तर निव्वळ गवत होतं.

पण करणार काय? सिडकोतल्या त्यांच्या रो-हाऊसपुढं मातीचा एवढासा तुकडा होता आणि मधुसूदनला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिथं सिमेंटचे गट्टू बसवून गाडी उभी करायची होती. गाडीला ऊन लागतं, टायरला चिखल लागतो. बायकोच्या गुडघ्यांबद्दल हा माणूस कधी इतका हळवा झाला नव्हता! भांडण चिघळलं तसा सासूबाईंनी निवाडा दिला.

"सोळा भाज्या निघाल्या तर माती तिची. नाही निघाल्या तर गट्टू तुझे. आता मला जरा पडू द्या."

दमयंती पर्माकल्चर शिकली ती मोबाइलवर, भांडी घासता घासता. निसर्ग जंगलात जे करतो तेच आपण अंगणात करायचं, एवढंच त्याचं सार. माती उकरायची नाही, उघडी ठेवायची नाही आणि काही म्हणता काही वाया घालवायचं नाही. तिनं मक्याच्या ताटावर चवळी चढवली, खाली गंगाफळाचा वेल सोडला, म्हणजे पानांच्या सावलीत ओल टिकते. गावात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं, म्हणून न्हाणीचं पाणी पाइपानं केळीच्या आळ्यात नेलं. मधुसूदन आंघोळीला गेला की ही बाहेरून ओरडायची,

"अहो, साबण कमी! पुढं केळी आहेत!"

"मी आंघोळ करतोय की केळींना पाणी घालतोय?"

"दोन्ही! जन्मात पहिल्यांदा तुमच्याकडून एका वेळी दोन कामं होतायत. होऊ द्या!"

माती झाकायला पालापाचोळा कमी पडला, तेव्हा तिनं गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, 'ओला कचरा फेकू नका, मला द्या.' गल्ली जणू जन्मभर याच निरोपाची वाट बघत होती! शेजारच्या करुणाताई दुधी भोपळ्याच्या साली ताटात झाकून घेऊन आल्या.

"वहिनी, व्रत आहे का काही?"

"नाही हो, खत करायचंय."

"सांगायचं नसेल तर राहू द्या," म्हणत त्या समजूतदारपणे निघून गेल्या.

मग श्रावण लागला. महादेवाचा बेल आला, सत्यनारायणाचे केळीचे खांब आले, मंगळागौरीची पत्री आली. ढीग वाढत वाढत भिंतीबरोबर झाला. तो उपसताना दमयंतीची कंबर तिनं शिकलेल्या कुठल्याच तत्त्वाला जुमानेना. पण त्या पर्माकल्चरमध्ये एक वाक्य होतं: जास्तीचं असं काही नसतंच, ते कुणाचं तरी अन्न असतं. आणि ते कुणीतरी दुसऱ्याच सकाळी भिंतीवरून मान घालून हजर झालं. कडुबा गवळ्याची तांबडी गाय! तिनं केळीचा अख्खा खांब सुपारीसारखा चघळून संपवला. दमयंतीला इतकं हायसं वाटलं, की तिनं गाईचं कपाळ खाजवलं. मग हे रोजचंच झालं.

"लई गुणाची हाय वहिनी," कडुबा म्हणाला. "एकदा दावलेली वाट जन्मात इसरत नाय."

दमयंतीला ती स्तुती वाटली.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी अंगणाकडं बघून तिचं तिलाच भरून आलं. गिलकी, दोडकी, कारली, भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, मका, केळफूल, गंगाफळ, अंबाडी, चुका... दोन वेळा मोजलं, सोळा! मधुसूदनही मोजून आला आणि पेपर वाचत बसला. भाज्या उद्या पहाटे ताज्या तोडायच्या, असं तिनं ठरवलं. इथंच सगळं चुकलं.

संध्याकाळी आवाहन. ज्येष्ठेचा मुखवटा दमयंतीच्या हातात, कनिष्ठेचा तिच्या मुलीच्या, स्वरालीच्या. तुळशीपासून घरात यायचं, कुंकवाच्या पावलांवरून. सासूबाईंनी बजावलं होतं, "फाटक सताड उघडं हवं. आणि एकदा निघाल्यावर मागं वळून बघायचं नाही, मधे दुसरं काही बोलायचं नाही. लक्ष्मी माघारी फिरते!"

मधुसूदन ताट वाजवायला लागला. पहिलं पाऊल पडलं आणि पाठीमागून आवाज आला. कर्रर्र कट्!

मका! दमयंतीनं आवाजावरूनच ओळखलं.

"कोण आली?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"म... महालक्ष्मी आली!"

सर्रर्र... चवळीचा वेल मुळासकट आला.

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली!" दमयंतीचा सूर रडवेला झाला. सासूबाईंना वाटलं, भक्तीनं झाला.

"काय घेऊन आली?"

मागं गंगाफळ फुटल्याचा आवाज आला.

"धनधान्य घेऊन आली हो आई!" दमयंतीनं टाहोच फोडला. धनधान्य पाठीमागं कचाकचा चावलं जात होतं आणि तिला वळायची सोय नव्हती. एकेक खोली दाखवत, एकेका खोलीत प्रश्नोत्तरं करत, मखरापर्यंत पोचेपर्यंत केळफुलाचाही निकाल लागला.

मुखवटे बसले तशी ती झाडू घेऊन धावली. अंगणात तांबडी गाय मधोमध उभी होती, कानावर अंबाडीची पानं. करुणाताई तिला हळदकुंकू लावत होत्या आणि मागं बायकांची रांग!

"वहिनी, झाडू? आजच्या दिवशी? अहो, लक्ष्मी पावलांनी चालत आलीय तुमच्याकडं!"

"करुणाताई, माझ्या सोळा भाज्या..."

"नैवेद्य पोचला हो!"

मधुसूदन कडेनं अंगणाची लांबी पावलांनी मोजायला लागला. "आई, दिवाळीच्या आत गट्टू बसतील," तो हळूच म्हणाला.

सासूबाईंनी गाईपुढं हात जोडले आणि मुलाकडं असं बघितलं, की त्याचं पाऊल हवेतच राहिलं.

"आवाहनाला गाय जिथं उभी राहिली, तिथं दगड घालतोस? माझ्या जिवंतपणी नाही. या मातीला हात लावायचा नाही!"

दमयंतीला गहिवरून आलं. सोळाच काय, एकही भाजी न काढता माती तिची झाली होती! ती पाया पडायला वाकली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आणि दमयंती, उद्यापासून फाटक लावायचं नाही बरं. ती यायची."

दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या मंडईतून आल्या. गाय रोज येते. दमयंतीनं पेरलेल्याला दुसरं पान फुटलं, की गाईला कसं कोण जाणे, कळतं. गल्लीतल्या बायका दर्शनाला येतात, गाईसाठी हिरवं उगवावं म्हणून न्हाणीचं पाणी वेळेवर सोडलं का, असं दमयंतीलाच विचारतात.

परवा ती कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून मेथीच्या दोन जुड्या घेत होती.

"काकू, तुमची तर मोठी बाग हाय म्हणं?" भाजीवाला म्हणाला.

"आहे ना!" दमयंतीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "खाणारं तोंड वाढलंय."