उतरायचं कुठे?

नॉरफोकमधल्या त्या स्टेशनाच्या पाटीवर ‘वुल्फरॅथ्रिंगॉसह्यू’ असं लिहिलेलं आहे आणि गावकरी त्याला ‘उझी’ म्हणतात, यात विशेष काही नाही. इंग्लंडात अशी स्टेशनं पैशाला पासरी. पंचाईत एवढीच, की तिथे गाडी सांगितल्याशिवाय थांबत नाही. चढणाऱ्याने हात दाखवावा. उतरणाऱ्याने गार्डला स्टेशनाचं नाव सांगावं, असा नियम.

एडगर लारवुड लीड्सहून लग्न करून या गावात आले, त्याला एकोणीस वर्षं झाली. पाटीवरचं नाव घ्यावं तर उपरे ठरतात. ‘उझी’ म्हणावं तर आगाऊ. म्हणून ते गार्डला पुढचं मार्शगेट सांगत आणि दोन मैल मागे चालत येत. वाटेत असेच आणखी आठ-दहा सभ्य लोक भेटत. सगळे हवेबद्दल बोलत. अस्सल गावकऱ्यांचा प्रश्नच नव्हता. ते कुठे जातच नसत.

रेल्वेने नोंद घेतली: वर्षभरात उतरलेले प्रवासी, शून्य. सबब स्टेशन बंद. मात्र आदेश गावासमोर स्टेशनाच्या नावानिशी मोठ्याने वाचल्याखेरीज लागू होत नसे.

“आता सकाळी गाडी पकडायलाही दोन मैल,” लारवुड बायकोला म्हणाले. “माझा गुडघा संपला, हेस्टर.”

“मग एकदा नाव घे की. जीभ झडते का?”

“तू इथलीच. तुला काय कळणार?”

आदेश वाचायला चर्चच्या सभागृहात रेल्वेच्या अधिकारी मिस पेव्हरेल आल्या. चहा झाला. त्यांनी कागद उघडला, “याद्वारे जाहीर करण्यात येते की...” इथवर आल्या आणि खोकल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा खोकल्या.

“वाचा हो खुशाल,” हेस्टर म्हणाली. “आम्ही कुणाची चूक काढत नाही.”

त्यावर मिस पेव्हरेल कानापर्यंत लाल झाल्या. एक श्वास घेतला आणि खणखणीत वाचलं, “...मार्शगेट स्टेशन कायमचं बंद करण्यात येत आहे.”

चूक सगळ्यांना कळली. पण पाहुण्या बाईंना तोंडावर कोण सांगणार? टाळ्या झाल्या. आणखी चहा झाला. सोमवारी मार्शगेटला कुलूप लागलं.

उझी वाचलं. लारवुडसाहेब आता मार्शगेटच्याही पुढे उतरतात आणि सात मैल चालत येतात. गुडघ्याला व्यायाम हवाच, असं ते सांगतात.

हसू नका. पाटीवरचं ते नाव पहिल्याच ओळीत आलं होतं. तुम्ही ते पुरतं वाचलंत, की पुढच्या शब्दावर उतरलात?